पुन्हा सायकलवर: चाळिशीच्या आसपास रोड बाइक निवडताना

दुकानात रोड बाइक दाखवताना विक्रेता ती दोन बोटांवर उचलून दाखवतो. मग फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, गिअर किती, कंपनी कुठली, हे ओघाने येतं. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसणाऱ्याला यातलं फारसं काही आधी कळायची गरज नसते. त्याची सायकल पडून राहते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: साइज चुकते, सगळ्यात हलका गिअर पुरेसा हलका नसतो, किंवा टायर आपल्या रस्त्यांना अरुंद पडतात. ही तीन मापं जुळली तर ११ किलोची साधी ॲल्युमिनियमची सायकल वर्षानुवर्षं चालते. चुकली तर आठ किलोची कार्बन सायकलही गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामी येते.

आधी, रोड बाइकच हवी का?

खाली वळलेलं हँडल, अरुंद टायर आणि सस्पेन्शन नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली सायकल म्हणजे रोड बाइक. एका दमात ३०-४० किलोमीटर डांबरी रस्त्यावर जायचं असेल, रविवारी एखादा घाट चढायचा असेल, पुढेमागे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची इच्छा असेल (तिला साडेतेरा तासांची मुदत असते), तर तीच घ्या. हँडल हातात तीन-चार ठिकाणी धरता येतं, त्यामुळे दोन तासांनंतर तळहात आणि पाठ कमी कुरकुरतात. समोरून वारा आला की तिचा खरा फायदा कळतो.

रोजचं काम स्टेशनपर्यंत जाणं, भाजी आणणं, पाच-सात किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणं एवढंच असेल तर सरळ हँडलची हायब्रिड बरी. तीही साध्या, न दबणाऱ्या फोर्कची घ्या. खड्ड्यांच्या भीतीने लोक सस्पेन्शनकडे वळतात, पण स्वस्त सस्पेन्शन फोर्क एकटा दोन-अडीच किलोचा असतो, चढावर उभं राहून पायडल मारलं की खालीवर होत ताकद खातो आणि दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट बसतो. खड्ड्याचा मार खाण्याचं काम रुंद टायर जास्त चांगलं आणि फुकटात करतो.

घरी घ्यायची मापं

दुकानात जाण्याआधी पायाची आतली लांबी मोजा. पँटच्या मापावर जाऊ नका, ते काही सेंटिमीटर कमी भरतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये आडवं धरा, त्याची एक कड भिंतीला लागलेली असू द्या, आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा जाणवेपर्यंत ते वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि जमिनीपासून मोजा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

या लांबीला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते. ही उंची बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक (पायडल जिच्या टोकाला बसतं ती) जिथे फिरते त्या जागेच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत मोजायची. पायाची लांबी ७६ सेंटिमीटर असेल तर सीट ६७.१ सेंटिमीटरवर. पहिले काही आठवडे यापेक्षा एक सेंटिमीटर खालीच ठेवा, मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात. त्याच लांबीला ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा ढोबळ आकडा येतो. ७६ ला साधारण ५१.

या उंचीवर सीट बसवली की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. लहानपणच्या काळ्या सायकलीवर ते टेकवायची सवय असते, म्हणून पहिल्या दिवशी सीट चार बोटं खाली घ्यायचा मोह होतो. तो आवरा. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, दांड्यावरून उभं राहायचं आणि एक पाय टेकायचा, ही रीत शिकायला दहा मिनिटं लागतात. खाली घेतलेल्या सीटवर गुडघा दर फेरीला जास्त वाकतो आणि दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी सुरू होतं. मग लोक म्हणतात, या वयात सायकल झेपत नाही.

साइजच्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. एका कंपनीची ५२ दुसरीची एम, तर तिसरीची एस असते. दांडा मागे उतरता असलेल्या फ्रेममध्ये तर ५२ कुठून कुठे मोजले हेही कंपनीगणिक बदलतं. म्हणून कंपनीच्या साइटवर जॉमेट्रीचा तक्ता उघडा आणि दोनच ओळी पाहा: स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून समोरच्या हेडट्यूबच्या (फ्रेमची जी नळी फोर्क धरते तिच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅकला रीचने भागा. उत्तर १.५ च्या आसपास किंवा वर आलं तर हँडल उंच आणि जवळ आहे. १.४ च्या जवळ आलं तर ती शर्यतीची बैठक आहे: पाठ खाली, मान वर. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या, पोट थोडं पुढे आलेल्या माणसाने १.५ च्या बाजूलाच राहावं. कॅटलॉगमध्ये अशा सायकलींना एंड्युरन्स म्हणतात. कंपन्या हा शब्द सढळ हाताने वापरतात, म्हणून भागाकार स्वतः करा.

दोन साइजच्या मध्ये अडकलात तर सर्वसाधारण सल्ला लहान साइजचा असतो, कारण हँडल पुढे नेणं सोपं. परतणाऱ्या माणसासाठी तो अर्धाच खरा आहे. लहान फ्रेमचा स्टॅक कमी असतो, आणि हँडल वर उचलायला मर्यादित जागा असते: स्टेमखाली (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याखाली) दोन-तीन सेंटिमीटरच्या रिंगा आणि स्टेम उलटा लावून मिळणारा थोडा चढ, बस. तेव्हा दोन्ही साइजचा स्टॅक पाहूनच ठरवा, आणि सायकल जोडताना दुकानदाराला सांगून ठेवा की फोर्कची वरची नळी कापू नका. एकदा कापली की ती परत लांब होत नाही.

उंची १६० सेंटिमीटरच्या आत असेल, आणि आपल्याकडे अनेक स्त्रियांची ती तशी असते, तर चिकाटी धरावी लागते. दुकानात बहुधा मधल्या साइजच शिल्लक असतात आणि ‘सीट खाली करून देतो’ हे उत्तर ठरलेलं. सीट खाली झाली तरी हँडल तिथेच राहतं. हात ताणलेले, खांदे कानाला. मागवून देत असतील तर थांबा, नाहीतर दुसरं दुकान पाहा. लहान फ्रेमवर आणखी एक गोष्ट तपासा: पायडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवलं की बुटाचं टोक चाकाला लागतं का. थोडं लागणं लहान फ्रेममध्ये नेहमीचं आहे आणि वेगात त्याने काही बिघडत नाही, कारण तेव्हा हँडल एवढं वळतच नाही. अरुंद गल्लीत यू टर्न घेताना मात्र माणूस आपटतो. १७० ऐवजी १६५ मिलिमीटरची क्रँक असेल तर हा त्रास कमी होतो आणि गुडघाही कमी वाकतो.

सगळ्यात हलका गिअर

‘किती गिअर आहेत?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. १४ असोत की २२, घाटात त्यांतला एकच कामाचा असतो: पुढे सगळ्यात लहान चकती, मागे सगळ्यात मोठी. तिथे दात किती आहेत ते मोजा.

आज बहुतेक रोड बाइकला पुढे ५०/३४ दातांची जोडी येते, तिला कॉम्पॅक्ट म्हणतात. जास्त शर्यतीच्या सायकलींना ५२/३६, आणि जुन्या सायकलींना ५३/३९. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा (आकडे सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीच्या दातांचे), ११-२८, ११-३०, ११-३२ किंवा ११-३४. २८ मिलिमीटरच्या टायरवर चाकाचा एक फेरा सुमारे २.१३६ मीटरचा धरला, तर ३४ ला २८ दातांवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी ९.३ किलोमीटर. ३४ ला ३२ वर तो ८.२ येतो आणि ३४ ला ३४ वर ७.७. जुन्या ३९ ला २५ च्या सायकलवर तो १२ होतो.

हे आकडे एरवी किरकोळ वाटतात, चढावर ते गुडघ्यात उतरतात. माणूस ७८ किलोचा, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून १२ किलो, आणि रस्ता ८ टक्के चढाचा धरा. ताशी ९.३ किलोमीटरला साधारण २०५ वॅट लागतात, ८.२ ला १८०, ७.७ ला १७०. नुकत्याच परतलेल्या, बेताचा व्यायाम असलेल्या माणसाला अर्धा तास १४०-१५० वॅट टिकवणंच मुश्कील जातं. म्हणजे ३४-२८ च्या गिअरवर त्याचे फेरे मिनिटाला बेचाळिसाच्या आसपास घसरणार आणि प्रत्येक फेरा जोर लावून ढकलावा लागणार. ३४-३४ वर ते पन्नासच्या जवळ राहतात. सिंहगडाच्या रस्त्यावर काही वळणं १० टक्क्यांहून उभी आहेत, पसरणी किंवा दिवे घाट लांबीने दमवतात, आणि कोकणातल्या किनारी रस्त्यावर एकेक चढ छोटा पण भिंतीसारखा. म्हणून परतणाऱ्याने सगळ्यात हलका गिअर ३४ ला ३२ पेक्षा जड घेऊच नये; मिळत असेल तर ३४ ला ३४.

आता वजनाचं गणित याच्या शेजारी ठेवून पाहा. एकूण ९० किलोमधला एक किलो कमी केला तर अर्ध्या तासाच्या चढावर जेमतेम वीस सेकंद वाचतात. त्या एका किलोसाठी दुकानात वीस-तीस हजार जास्त मोजावे लागू शकतात. चार दात जास्त असलेली कॅसेट त्याच्या काही टक्क्यांत येते.

‘आत्ता २८ ची घ्या, नंतर बदलून देऊ’ असं कोणी म्हणालं तर मागच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचं, मॉडेल विचारा. प्रत्येक डिरेलरला सगळ्यात मोठ्या दातांची एक मर्यादा असते आणि किती चेन गोळा करता येईल याची दुसरी. ५०/३४ आणि ११-३२ घेतलं तर पुढचा फरक १६, मागचा २१, बेरीज ३७. आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारी खालची चौकट लहान असलेला) डिरेलर एवढी ढिली चेन ओढून धरू शकत नाही. चेन लोंबते, किंवा चेन आखूड केली असेल तर पुढची आणि मागची मोठी चकती एकत्र लागताच डिरेलर मोडून चाकात जातो. म्हणजे कॅसेटबरोबर लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि नवी चेनही घ्यावी लागणार. हा खर्च आधीच भावात बसवून घ्या.

गिअरच्या दर्जाबद्दल थोडक्यात. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड खालून वर अशी (स्पीड म्हणजे मागच्या चकत्यांची संख्या): टूर्नी ७ स्पीड, क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा १०, आणि मग १०५, जी आधी ११ आणि आता १२ स्पीडमध्ये येते. टूर्नीच्या रोड लिव्हरला एका दिशेने गिअर बदलायला अंगठ्याचं बटण असतं आणि खालच्या वळणात हात असताना अंगठा तिथपर्यंत पोचत नाही. तिच्याबरोबर मागे बहुधा स्क्रूचं फ्रीव्हील (आट्यांवर फिरवून बसवलेला चकत्यांचा गठ्ठा) येतं. त्यात उजवीकडची बेअरिंग आत राहते, एक्सल बाहेर लोंबतो आणि वजनदार माणसाखाली वाकतो. क्लॅरिसपासून पुढे दोन्ही अडचणी संपतात. आमचं मत विचाराल तर पैसे तंग असतील तेव्हा क्लॅरिस, थोडे जास्त असतील तेव्हा सोरा, आणि त्यापुढचे पैसे चाकांवर आणि टायरवर. ८ आणि ९ स्पीडची चेन-कॅसेट स्वस्त असते, जास्त टिकते आणि तालुक्याच्या गावातही कोणीतरी तिला ओळखतो.

टायर आणि पंक्चर

विचारायचा प्रश्न असा: सध्या कितीचा टायर आहे, आणि फ्रेममध्ये जास्तीत जास्त कितीचा बसतो? २३ किंवा २५ मिलिमीटरचा असेल आणि त्यावर जागाच नसेल, तर ती सायकल कितीही देखणी असली तरी सोडा. २८ ही आपल्या रस्त्यांसाठी किमान, ३२ उत्तम. डिस्क ब्रेकच्या एंड्युरन्स फ्रेममध्ये ३२ सहसा बसतो. जुन्या रिम ब्रेकच्या (चाकाच्या रिमला रबर घासणाऱ्या) कॅलिपरखाली, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याखाली, २५ किंवा २८ वरच गाडी अडते.

हवा माणसाच्या वजनावर ठरते. ७५ किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या २८ च्या टायरमध्ये मागे ७५ ते ८० पीएसआय, ३२ मध्ये ६० ते ६५, आणि पुढे पाच कमी. दर दहा किलोला पाच-सहा पीएसआय इकडेतिकडे करा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी भरायची असं नाही. जास्त भरली की सायकल खडबडीत रस्त्यावर उड्या मारत जाते, तळहात बधिरतात आणि वेगही घटतो. अरुंद ट्यूबची हवा आपोआप उतरते, म्हणून गेज असलेला उभा पंप घरी ठेवून दर तीन-चार दिवसांनी भरा. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची पद्धत इथे चालत नाही. ५० आणि ८० पीएसआय अंगठ्याला सारखेच लागतात.

पंक्चर झालं की भोक वाचायला शिका, पुढचं पंक्चर टळतं. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे. पट्टी नीट बसवल्याशिवाय दहा ट्यूब घातल्या तरी त्या जाणारच. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर बाभळीचा काटा, काच, किंवा हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसासारखी तार. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे तार आहे. बोटं फिरवाल तर रक्त निघेल.

रस्त्यावरच्या दुकानात दोन अडचणी येतात. पहिली व्हॉल्वची. रोड बाइकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला मोटारीचा जाड. पितळेचा छोटा ॲडाप्टर मिळतो, तो एक व्हॉल्वला लावून ठेवा आणि एक पिशवीत. हवा भरण्याआधी प्रेस्टाच्या टोकाची चिमुकली नट सोडवायची, भरून झाल्यावर आवळायची. ती न सोडताच हवा जात नाही म्हणून कॉम्प्रेसर दाबला की पिन वाकते. दुसरी अडचण टायरची. काळ्या सायकलीचा ‘२८ इंची’ टायर आणि रोड बाइकचा ७००सी टायर दिसायला एकाच घेराचे वाटतात, पण टायर रिमवर बसतो त्या जागेचा व्यास पहिल्याचा ६३५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२२. एकमेकांवर ते बसत नाहीत. टायरच्या कडेवर २८-६२२ किंवा ३२-६२२ असं लिहिलेलं असतं, तोच आकडा सांगून टायर मागवा.

ब्रेक

कोरड्या रस्त्यावर चांगले रिम ब्रेक पुरतात, हलके आणि दुरुस्तीला सोपे असतात. प्रश्न पावसाळ्याचा. ओल्या रिमवर ब्रेक पहिला अर्धा-एक फेरा पकडतच नाही, आणि चिखलातली वाळू रबरात रुतून रिम खात राहते. रिमच्या कडेवर एक बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. जून ते सप्टेंबर चालवणार असाल, किंवा घाटाचे उतार नेहमीचे असतील, तर डिस्क घ्या. तारेच्या डिस्कला महिन्या-दीड महिन्याने पॅडचं अंतर स्वतः कमी करावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी सांगत नाही म्हणून लोक ‘डिस्क लागतच नाही’ म्हणत फिरतात. हायड्रॉलिक डिस्क बोटाने दाबून लागतात, लहान हातांना सोयीच्या. मात्र तेलाची सर्व्हिस जवळपास कोण करतं ते आधी विचारा. शिमानोत मिनरल ऑइल असतं. मोटारसायकलचं ब्रेक ऑइल त्यात गेलं की आतली रबरं फुगून निकामी होतात, आणि गल्लीतला उत्साही मेकॅनिक नेमकं तेच घालतो.

कुठलेही ब्रेक असोत, हात हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर) ठेवून दोन बोटांनी लिव्हर पूर्ण दाबता येतो का पाहा. बहुतेक लिव्हरना तो हाताजवळ आणायचा स्क्रू असतो.

फ्रेमचं काय?

ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क, हे उत्तर शंभरातल्या नव्वदांना पुरेसं आहे. क्रोमोली पोलादाची मिळाली तर आनंदाने घ्या, थोडी जड असते पण तीस वर्षांनीही वेल्डिंग करता येतं. पूर्ण कार्बन पहिल्या सायकलसाठी नको: पडल्यावर आतली चीर डोळ्याला दिसत नाही, आणि तेवढ्या पैशांत चांगली चाकं, टायर, शॉर्ट्स आणि फिटिंग मिळून वर पैसे उरतात. वजन ९० किलोच्या पुढे असेल तर चाकांना आरे मोजा. मागे ३२ हवेत, २८ चालतील; २० आऱ्यांची देखणी चाकं खड्ड्यांत लवकर आउट जातात.

पैसे

क्लॅरिसच्या आसपासची सायकल साधारण ३५ ते ५५ हजारांत, डिस्क ब्रेक आणि सोरा-टियाग्राची त्याच्या पुढे लाखापर्यंत, १०५ लाखाच्या वर, असा ढोबळ हिशेब धरा. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. डब्यावर जुनी किंमत असेल तर बिलात कुठला दर लावलाय ते बघून घ्या.

सगळे पैसे सायकलवर घालू नका, पाचवा हिस्सा बाजूला राहू द्या. त्यातून आधी हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, गेजवाला पंप, दोन जादा ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे दोन लिव्हर, छोटा हातपंप, ॲलन कीचा संच, आणि पॅडवाली शॉर्ट्स. शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. शिवण मांडीला घासून सोलते. गादीसारखं जेलचं कव्हर सीटवर चढवू नका. अर्ध्या तासाने जेल दबून मधल्या नाजूक भागावर भार येतो. सीट दुखत असेल तर बहुधा तिची रुंदी चुकली आहे. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यावर कठीण स्टुलावर बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजून त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवा, ती सीटची रुंदी. क्लीटचे, म्हणजे पायडलला अडकणारे, बूट वर्षभर थांबू शकतात.

दुकानात आणि डबा उघडल्यावर

ट्रायल गल्लीत दोन चकरांची नको, किमान वीस मिनिटांची मागा, आणि त्याआधी सीट तुमच्या आकड्यावर बसवून घ्या. हात हुडवर, कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल राहतात का? मान न आखडता शंभर मीटर पुढे बघता येतं का? एक हात सोडून मागे वळून पाहताना सायकल भरकटते का? एखादा पूल किंवा चढ असेल तिथे सगळ्यात हलका गिअर लावून बघा, खडखड न होता बसला पाहिजे.

ऑनलाइन मागवलेली सायकल डब्यात अर्धवट जोडलेली येते. दोन चुका हमखास होतात. फोर्क उलटा राहतो: त्याचा बाक मागे येतो आणि डिस्कचा कॅलिपर उजवीकडे दिसतो. तो डाव्या बाजूला असला पाहिजे. दुसरी, पायडल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. एल आणि आर खुणा पाहून, ग्रीस लावून, आधी हाताने तीन-चार फेरे बसवा आणि मगच पाना लावा. जबरदस्ती केली की क्रँकचे मऊ आटे सोलले जातात आणि क्रँकच बदलावी लागते.

जुनी घ्यायची असेल तर

बाजारात दोन-तीन वर्षं वापरलेल्या, खरं तर न वापरलेल्या, रोड बाइक भरपूर आहेत, आणि परतणाऱ्यासाठी हा उत्तम सौदा असतो, साइज बरोबर असेल तर. साइज चुकलेली अर्ध्या किमतीतही महाग. मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा.

सायकल उलटी करून हेडट्यूबच्या मागे खालच्या नळीवर बोट फिरवा. समोरून धडकलेल्या सायकलीत तिथे सुरकुती किंवा रंगाला तडा असतो. सीटची नळी ढिली करून सरकते का पाहा. घाम आणि पाण्याने ती आत जाम झाली असेल तर सीट तुमच्या मापावर येणारच नाही. क्रँक हाताने आडवी हलवा, खटखट झाली तर बॉटम ब्रॅकेट गेलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, हँडलखाली ठकठक लागली तर हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंग) ढिला किंवा झिजलेला. चेनवर फूटपट्टी धरा: शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला तर नव्या चेनची चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर येते. एक-सोळांश इंच पुढे असेल तर चेन बदलायची आहे, एक-अष्टमांश असेल तर कॅसेटही गेली. तेवढे पैसे भावातून कमी करून मागा.

पहिले दोन महिने

नव्या तारा ताणल्या जातात, म्हणून पहिल्या १००-२०० किलोमीटरनंतर गिअर चुकायला लागतात. डिरेलरपाशी तार जिथे शिरते तिथला गोल स्क्रू अर्धा फेरा उलटा, म्हणजे बाहेरच्या दिशेने, फिरवला की बहुधा भागतं. चाकांचे आरे याच काळात ढिले होतात, दुकानाची फुकट सर्व्हिस तेव्हाच करून घ्या आणि चाकांचा आउट काढायला सांगा. स्टेमच्या बोल्टांवर ५ एनएम (न्यूटन-मीटर, किती जोराने आवळायचं ते) असा आकडा लिहिलेला असतो. टॉर्कचा पाना नसेल तर ॲलन कीचा आखूड दांडा हातात धरून आवळा, लांब बाजूने जोर लावू नका.

रक्तदाब, साखर किंवा छातीची तक्रार असेल तर घाट चढण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाकीची दुखणी बहुतेक फिटिंगची असतात आणि जागा सांगतात. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली किंवा फार पुढे आहे. मागून दुखला, किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल, तर सीट वर आहे. तळहात आणि करंगळी बधिर होत असेल तर आधी सीटचं टोक खाली झुकलंय का पाहा, शरीर पुढे घसरून भार हातांवर येतो. सीट सपाट असेल तर रीच लांब आहे, एक सेंटिमीटर आखूड स्टेम लावा. मान आखडली तर स्टेमखालची रिंग वाढवा. एका वेळी एकच गोष्ट, तीही पाच मिलिमीटरनेच बदला, दोन-तीन राइड करून मग पुढची. बदलण्याआधी सीटच्या नळीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून जुनी खूण ठेवा, म्हणजे बिघडलं तर परत त्या जागी येता येतं.